आण्णांच्या बोलण्यावर चालणारी स्कूटर

आमची स्कूटर आण्णांच्या बोलण्यावर चालते. पेट्रोल तिला कधीच मानवलं नाही. आण्णा म्हणजे माझे वडील. ते मला रागावले की टाकी भरते. इचलकरंजीत आमच्या गल्लीत याचं कुणाला नवल नाही. फार तर ॲव्हरेज विचारतात.

ॲव्हरेज चांगलं होतं. आण्णा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. दिवसभर मागांच्या खडखडाटात दुरुस्ती करायची म्हणजे आवाज दणदणीत हवाच. साध्या 'गाढवा'वर बाजार करून परत येता यायचं. 'शेजारच्या पोराकडं बघ जरा' एवढ्यात हातकणंगले. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा सगळं घर नृसिंहवाडीला जाऊन आलं आणि तरी टाकीत बरंच उरलं होतं. आईनंही मला बोलून पाहिलं होतं, पण तिच्या बोलण्यावर नुसता दिवा लागायचा.

दर रविवारी आम्ही दोघं जिन्याखाली स्कूटर खोलून बसायचो. आण्णांनी प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा, मी टॉर्च धरायचा. टॉर्च कसाही धरला तरी तो चुकीचाच धरलेला असतो. "लक्ष कुठं असतंय तुझं?" आण्णा ओरडायचे. मग स्कूटर एका बाजूला तिरकी करायची, म्हणजे बोलणं कार्बोरेटरपर्यंत उतरतं, आणि किक मारायची. आम्हा बापलेकांत याखेरीज दुसरं बोलणं फारसं नव्हतंच.

अडचण आली ती आण्णा बागेतल्या हास्यमंडळात जाऊ लागल्यावर. तिथे त्यांना क्षमा करायला शिकवलं आणि ते घरी येऊन तिचा सराव माझ्यावर करू लागले. एका रविवारी ते म्हणाले, "छान धरलायस टॉर्च." स्कूटर एकदा खोकली आणि बंद पडली, दिवा तेवढा लागत राहिला. त्यातच जुन्या गाड्यांच्या तपासणीची नोटीस आली. आरटीओच्या साहेबांसमोर सुरू झाली तर नोंदणी कायम, नाहीतर भंगार. स्कूटर गेली असती तर आमचे रविवारही गेले असते. मग आम्ही एकमेकांशी काय बोलणार होतो, हे मला खरंच सुचत नव्हतं.

बंद गाडी नेणार कशी, म्हणून तपासणीला बागवान साहेबच घरी आले. आईनं स्टूल दिलं, चहा दिला.

"इंधन?" साहेबांनी विचारलं.

"माझं बोलणं," आण्णा म्हणाले.

"कुणाला उद्देशून?"

"ह्याला. थोरला माझा. उमेश."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भेसळ वगैरे?"

"आधी नव्हती. आता माया मिसळाय लागलीया," आण्णा खाली बघत म्हणाले.

"मायेवर इंजिन बसतं," साहेब म्हणाले. "बऱ्याच घरांत बघतोय. करा सुरू."

आण्णा माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, भुवया चढवल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "वाळलास रे लेका," ते म्हणाले. "जेवतोस का न्हाई येळंवर?"

होता तो दिवाही गेला.

"प्लग बघतो," असं म्हणून आण्णा खाली बसले. मी टॉर्च धरला. प्लग निघाला, घासून झाला. बसवताना मात्र तो त्यांच्या हातून निसटून शेजारच्या गटारात पडला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आण्णा, लक्ष कुठं असतंय तुमचं?" मी ओरडलो. "एक काम धड जमत न्हाई. जमत नसलं तर हात कशाला लावताय?"

स्कूटर सुरू झाली. प्लग नाही, किक नाही, तिरकी केलेली नाही. इतकी गोड तर ती नवी असतानाही चालली नव्हती. आण्णांना मी आयुष्यात असं कधी बोललो नव्हतो.

बागवान साहेब कान देऊन ऐकत राहिले. "धूर नाही, आवाज एकसारखा. पास," ते म्हणाले. "मालक कोण?"

"आत्तापर्यंत मी हुतो," आण्णा म्हणाले.

साहेबांनी आण्णांच्या नावावर रेघ मारून वर माझं नाव लिहिलं. खाली माझी सही घेतली आणि चहा संपवून ते पुढच्या गल्लीत गेले.

"आण्णा," मी म्हणालो, "मला तसं म्हणायचं नव्हतं."

इंजिन लगेच अडखळलं. बंद पडलं. मी इंजिनापाशी खाली बसलो.

आण्णांनी कपाळाला हात लावला. "आरं, असं बोलू नगंस. बसंल ती." मग त्यांनी माझ्या हातातला टॉर्च काढून घेतला, गुडघ्यांवर हात टेकत ते माझ्या शेजारी बसले आणि उजेड पाडला. तो भलतीकडेच पडला होता.

"हितं धरू का?" त्यांनी विचारलं, आणि मी काय म्हणतो याची वाट बघत राहिले.