लाल दोरी

नियोजन म्हणजे माझ्या हातचा मळ. आमचं अख्खं ऑफिस मी तीन दिवसांत दुसऱ्या जागी हलवलं होतं आणि एक खुर्चीसुद्धा हरवली नव्हती! त्यामुळे आमच्या मिरा रोडच्या सोसायटीने तळमजल्याचा रिकामा हॉल ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्राला द्यायचं ठरवलं, तेव्हा मी भर मीटिंगमध्ये उभी राहिले. म्हटलं, माझ्यावर सोडा, महिन्यात उघडून देते.

कुणाचे गुडघे गेलेत, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला व्हीलचेअर लागते, सगळी यादी केली. अर्थात त्यांना कुणाला विचारलं नाही, त्यांच्या सुनांना विचारलं.

सगळा जीव ओतला तो टॉयलेटमध्ये. महिपतकाकांची व्हीलचेअर आत जावी म्हणून सरकता दरवाजा. भिंतीला धरायला दांडे. आणि कमोडशेजारी एक लाल दोरी. कुणी आत पडलं की ती ओढायची. हॉलमध्ये, वॉचमनच्या केबिनमध्ये आणि चौथ्या मजल्यावर माझ्या घरी एकदम घंटा. इलेक्ट्रिशियन रोशन म्हणत होता, "मॅडम, थोडी छोटी घंटी लगाते हैं." मी ऐकलं नाही.

केंद्र उघडलं त्याच दिवशी साडेदहाला घंटा ठणाणली. मी अनवाणी चार जिने उतरले, वॉचमन गेट सोडून धावला. दरवाजा सरकवला, तर हरिश्चंद्रकाका निवांत पायजम्याची नाडी बांधत होते. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आपण अख्खी बिल्डिंग हलवलीय याचा त्यांना पत्ताच नव्हता. उलट माझ्याकडेच तक्रार केली, की केव्हाचा दोरी ओढतोय, पाणी येत नाही.

मी कपाळाला हात लावला. या मंडळींनी जन्मभर साखळी ओढून पाणी सोडलेलं. आणि फ्लशचं बटण मी असं झकास, सपाट निवडलेलं, की ते बटण आहे हे मलाच शोधावं लागलं.

मग रोज तेच. सगळ्यांना समजावून झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दोरी ओढली. गुरुवारी वॉचमनने धावणं सोडलं. पालीहून लेकीकडे राहायला आलेल्या विमलाबाई हॉलच्या दाराशीच बसायच्या. त्या घंटा ऐकून नुसतं म्हणायच्या, "झालं वाटतं त्यांचं." मला मात्र धडकी भरायची. उद्या खरंच कुणी पडलं तर?

शनिवारी मी बोर्ड लिहून सगळ्यांना दाखवला: 'ही दोरी ओढू नये. फक्त संकटात ओढावी.' पर्स आणि फोन हॉलमध्ये ठेवून आत गेले, दरवाजा सरकवून बंद केला, बोर्ड चिकटवला. वळून दरवाजा ओढला, तर तो रुळावरून उतरून तिरका अडकला. हलेना. हाका मारल्या, बाहेर भजन रंगलं होतं. शेवटी, स्वतःच लिहिलेल्या बोर्डाखाली उभी राहून मी दोरी ओढली.

भजन थांबलं. मला हायसं वाटलं. तेवढ्यात विमलाबाईंचा आवाज आला, "नीलिमाने येवढा बोर्ड लावला, तरी ओढतातच. वाचता येत न्हाय वाटतं."

आणि भजन पुन्हा सुरू झालं.

पाऊण तासाने महिपतकाकांना टॉयलेटला जायचं होतं, म्हणून माझी सुटका झाली. रोशनने स्क्रूड्रायव्हरने दरवाजा सोडवला. समोर सगळे ज्येष्ठ नागरिक, मला पाहायला रांगेत.

सोमवारी त्यांनी स्वतःची मीटिंग घेतली. फ्लशचं बटण भडक पिवळं रंगवायचं ठरलं. घंटा लहान झाली, दरवाजा बदलला. विमलाबाईंना प्रमुख नेमलं. आता दोरी कुणी ओढत नाही आणि हॉल रोज भरलेला असतो. मी भीतभीत विचारलं, मग मी काय करू?

"तू चाय कर," विमलाबाई म्हणाल्या. "पण साखर किती, ते एकेकाला इचार."

अकरा माणसं, अकरा तऱ्हांचा चहा. काल मी सात चुकवले.