राणीसाठी वेगळा पिंजरा

अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात कायम पाच-सहा लग्नाची माणसं असतात. म्हणजे त्यांचे फोटो. मागे शिक्षण, उंची, जमीन किती, सगळं पेनाने लिहिलेलं. बेलापुरात कुणी चहा पाजला की चहा संपायच्या आत अण्णांचा हात खिशात जातो, आणि पाजणारा घाईघाईने म्हणतो, "अण्णा, माझं झालंय लग्न!"

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतो. माझं गाव तिकडे लांब, भंडाऱ्याकडे. आठवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत इथल्या बेकरीत भट्टीवर लागलो. पहिल्याच वर्षी टायफॉईड झाला, तेव्हा ओळख ना पाळख, अण्णांनी मला चमच्याने पेज भरवली. त्यामुळे त्यांच्यापुढे माझी जीभ उचलत नाही. शिवाय उद्या खोली सोड म्हणाले तर जायचं कुठे, ही धाकधूक असतेच. अण्णांची मात्र माझ्याबद्दल एकच तक्रार आहे. मी एकटा आहे.

एकटं काही त्यांना बघवतच नाही. दोरीवर एक मोजा दिसला की दुसरा सापडेपर्यंत चैन नाही. त्यांची बायको, काकू, वारल्यापासून तर जास्तच. आणि लग्न जमवताना एखादी पोरगी का-कू करायला लागली, की तिच्या घरच्यांना अण्णांचं ठरलेलं वाक्य: "व्हईल सवय. थोडे दिवस जाऊ द्या."

तर हे अण्णा एकदा श्रीरामपूरला गेले. तिथल्या पक्षी-मासे विकणाऱ्या दुकानदाराच्या भाच्याला स्थळ दाखवायचं होतं. स्थळ राहिलं बाजूला, संध्याकाळी एसटीतून पिंजरा घेऊन उतरले. आत बदामी रंगाचा, मुठीएवढा, केसाळ गोळा.

"हॅमस्टर म्हनत्यात ह्याला," अण्णा म्हणाले. "एकटंच बसलं हुतं बिचारं."

गल्ली जमली. शेजारच्या सुमनताई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अण्णा, उंदीर इकत आनला व्हय? आमच्यातले फुकट न्यायचे की!"

"उंदीर न्हाई. शेपूट कुठाय, दाखव."

त्याचं नाव राजा ठेवलं. सुताराकडून भुसा आणून पिंजऱ्यात अंथरला, पाण्याची बाटली टांगली, पळायला चाक बसवलं. शेंगदाणे दिले की राजा ते खायचा नाही, दोन्ही गालांत भरायचा. गाल फुगून कानापर्यंत जायचे. "लग्नातला पाव्हना हाय ह्यो," अण्णा म्हणायचे, "घरी बी न्यायचंय त्याला." इतकं मनापासून हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

दुकानदाराने दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. कांदा द्यायचा नाही आणि दोघांना एका पिंजऱ्यात ठेवायचं नाही, ही जात एकटीच राहते. कांद्याचं अण्णांनी ऐकलं. दुसरं पटलं नाही. "त्याच्याकडं दुसरं नव्हतं म्हनून बोलला. एकटं राहायला कुनाला आवडतंय?"

आठवड्याभरात ते नगरला जाऊन राणी घेऊन आले. रीतसर बघण्याचा कार्यक्रम झाला. बशीत कोरडे पोहे, अर्थातच बिनकांद्याचे. सुमनताईंनी विचारलं, "मुलाला जमीन किती?" अण्णा म्हणाले, "पिंजरा सोताचा हाय."

राणीला आत सोडलं. दोघांनी एकमेकांना हुंगलं आणि राजा तिच्या अंगावर धावून गेला. ती चिरकली आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

मी भीत भीत म्हटलं, "अण्णाजी, वेगळं ठेवू का जी?"

"काहून वेगळं?" अण्णांनी माझ्या भंडाऱ्याकडच्या बोलीची नक्कल केली. "व्हईल सवय. थोडे दिवस जाऊ दे." त्यांनी पिंजऱ्यावर टॉवेल टाकला. मी बेकरीत गेलो.

सकाळी पाव घेऊन परत आलो तर अण्णा ओट्यावर बसलेले. राणी त्यांच्या तळहातावर. तिचा एक कान फाटला होता, पाठीवर रक्त वाळलं होतं. पिंजऱ्यात राजा मजेत चाकावर पळत होता.

"रातभर वरडत हुती," अण्णा म्हणाले. "मी ऐकत हुतो."

मी फडकं ओलं करून आणलं. ते घ्यायचं सोडून अण्णा म्हणाले, "रेखा बी अशीच आल्ती."

रेखा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. गल्लीत कानावर आलं होतं तेवढंच: अण्णांनी जमवलेलं पहिलं लग्न तिचं, पारनेरकडे दिलेली. पुढे ती ते घर सोडून नाशिकला गेली, तिथे शिवणकाम करते, बेलापुरात कधी येत नाही.

"बाही वर करून दंड दाखवत हुती मला. मी बघितलंच न्हाई. तिची पिशवी उचलली आन तिला माघारी एसटीत बसवली." त्यांनी आता फडकं हातात घेतलं. "खिडकीतून बघत हुती. रडत बी नव्हती."

आम्ही राणीचं अंग पुसलं, कानाला हळद लावली. मग मी श्रीरामपूरहून दुसरा पिंजरा आणला. अण्णांनी तो दुसऱ्या खोलीत ठेवला, राजा दिसणारसुद्धा नाही असा. राणी बराच वेळ भुशात दडून राहिली. दुपारी बाहेर आली, एक शेंगदाणा खाल्ला आणि अंग सैल सोडून झोपली. अण्णा बघत उभे होते.

"एकटीच हाय, पन झोपली बघ कशी." मग मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाले, "रेखाला लाव. माझं बोट धजत न्हाई."

मी नंबर लावला, आवाज मोठा केला. पलीकडे शिलाई मशीन चालू होतं.

"मी... अण्णा बोलतोय."

मशीन थांबलं. अण्णा तिला हॅमस्टरचंच सांगत बसले. राजा, राणी, पोहे, टॉवेल, फाटलेला कान. मधेच म्हणाले, "वेगळा पिंजरा आनलाय आता तिला. कुनी माघारी तिकडं घालनार न्हाई."



"हळद लावली का तिच्या कानाला?" रेखाताईंनी विचारलं.

"लावली," अण्णा म्हणाले. "लई उशिरा लावली, बाई."