फलाट तीनवरचा आवाज

बसस्थानकात स्फोट झाला, त्याचा आवाज गावातच राहून गेला होता. पण मृणालची झोप त्यानं उडाली नव्हती. ती उडाली होती तिची पंधरा वर्षांची मुलगी शर्वरी दचकायची बंद झाली म्हणून.

ज्यांनी स्फोट केला ते सापडले नाहीत. आवाज तेवढा सापडला. पोलिसांनी तो मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला, पण ठाण्यातल्या खोलीत तो मावेना. मग फलाट तीनवरच ठेवला आणि राखायला एक हवालदार बसवला. रोज शाळा सुटायच्या सुमाराला तो व्हायचा. आता त्यानं काच फुटत नसे, कुणाला खरचटतही नसे. लोक दचकत, खाली बसत, उठून कपडे झटकत आणि आपापली गाडी पकडत. आगारानं गाड्यांच्या वेळा त्या बेतानं पुढे ढकलल्या होत्या. कुणाची तक्रार नव्हती.

शर्वरी मात्र कशालाच दचकत नव्हती. कुकरची शिट्टी, आपटलेलं दार, काही नाही. मृणालनं एकदा मुद्दाम तिच्या पाठीमागे ताट पाडून पाहिलं आणि स्वतःच दचकली.

"आई, उचल ते," शर्वरी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

मुलांच्या मानसशास्त्रावरची जी काही पुस्तकं मृणालनं वाचली होती, त्यांत फार दचकणाऱ्या मुलांचाच विचार केला होता. शेवटी तिनं ते केलं जे आपण कधी करणार नाही असं ती मैत्रिणींना सांगत आली होती. दप्तर तपासलं. कंपासपेटीच्या मागे सुतळी बॉम्ब निघाले.

"हे काय आहे, शर्वरी?"

"सरावाचे."

"कसला सराव?"

"बदल्याचा. मी आणि सोहेल शाळा सुटल्यावर फलाट तीनवर बसतो. आणि आई, दुसऱ्याच्या दप्तरात हात घालत नाहीत."

सोहेल तिच्याच वर्गातला. त्याची मोठी बहीण नाझनीन त्या दिवशी फलाट तीनवर उभी होती. गावात एवढंच बोललं जायचं. पुढचं वाक्य कुणी पुरं करत नसे.

दुसऱ्या दिवशी मृणाल बसस्थानकात गेली, मुलीला दंडाला धरून घरी आणायचं ठरवूनच. फलाट तीनच्या बाकावर दोघं गणवेशात ताठ बसली होती.

"बसा ना, काकू," सोहेलनं दप्तर बाजूला घेतलं.

"बदला कुणाचा घेताय रे? ती माणसं तर पळाली."

"आवाजाचा. नाझनीन आपा त्याच्या खाली आहे, काकू. लोक दचकले की तो फुगतो. आम्ही दचकत नाही, म्हणून रोज थोडा खचतो. आधी पेरूवाल्याचं ओरडणं वर आलं. काल कंडक्टर निघाला. आता आपाच राहिलीय."

शर्वरीचा दंड धरायला पुढे केलेला हात मृणालनं मागे घेतला.

तेवढ्यात हवालदार दिघे काठी टेकत आले. "बाई, ही तुमची का? मुद्देमालाशी छेडछाड चाललीय यांची. केवढा आवाज होता आणि काय करून ठेवलाय बघा. मला तो कोर्टात उभा करायचाय."

"हात लावला का त्यांनी?"

"हात नाही हो. दचकत नाहीत."

"दचकणं सक्तीचं आहे का?"

दिघ्यांनी टोपी काढून विचार केला. "सक्ती तशी नाही. पण आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही."

"मग आम्ही म्हणतोय." तोंडून 'आम्ही' गेलं, याचं सगळ्यात जास्त नवल तिलाच वाटलं. ती दोघांच्या मधे बसली.

"साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा."

"तोवर तरी दचका."

"नाही," शर्वरी म्हणाली.

आणि आवाज झाला. सगळं स्थानक खाली बसलं, हवालदारही बसले. बाकावरची तिघं ताठ राहिली. आवाज त्यांच्यासमोर आला, आत शिरायला जागा शोधू लागला, ती मिळेना तसा आक्रसत गेला. खालून पेरूवाला ऐकू आला, दहाला दोन. कंडक्टर ऐकू आला, चला फलटण, फलटण. मग अगदी कानाशी एका मुलीचा हसरा, घाईतला आवाज: "काका, एकाला मीठ जास्त लावा हं, माझा भाऊ ना..."

मृणाल दचकली. स्फोटाला नाही. ती मुलगी इतकी जवळ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

आवाज पत्र्याच्या छतापर्यंत फुगला आणि संपला. लोक उठून कपडे झटकू लागले. सोहेल समोर बघत राहिला. मृणालला माफी मागायची होती, पण कुणाची ते समजेना.

शर्वरीनं दप्तर खांद्याला अडकवलं.

"आई, तू दचकलीस, म्हणून आपाचं पुढचं बुडालं. उद्या ये, पण दचकायचं असेल तर फलाट एकवर बस."