आकडा तीन की आठ: परळीच्या पडद्याची मोहीम

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कार्तिक मास, रोज मंगळवार. थर्मल वीजकेंद्रातून निवृत्त होऊन परळी वैजनाथ मुक्कामी राहिलेले राजमान्य राजश्री भगवानराव, घरच्या रयतेचे आप्पा, यांच्या अमलातील हा शेवटचा साधा दिवस. परंतु त्याची खबर दरबारी कोणासही नव्हती. सकाळी चहा जाहला, मग मेथी निवडणे जाहले, आणि मग आप्पांनी तीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेम नव्या सपाट टीव्हीस जोडून, पुण्याहून दोन दिवसांच्या स्वारीवर आलेल्या कन्या मोहिनीबाईसाहेब यांस हुजुरात बोलाविले. मसलत गंभीर होती. विमानांच्या लढाईत बाईसाहेबांचा बावन्न हजारांचा विक्रम शाळेच्या वयापासून अबाधित; आणि आप्पांचा दावा ऐसा, की गेल्याच आठवड्यात आपण ब्याऐंशी हजार मारून तो मोडला, व कॅसेटच्या पोटातील सेलने तो आकडा जतन केला आहे.

परंतु पडद्यावर चित्र उमटले ते ताकात कालवल्यासारखे. पहिला आकडा तीन की आठ, म्हणजे बत्तीस हजार की ब्याऐंशी, हे ब्रह्मदेवासही न कळे.

"आठ हाय," आप्पा बोलिले.

"तीन हाय. चष्मा पुसा आधी."

"मान की गं एक डाव. तुझं काय जातंय?"

"दिसंल तवा मानीन," ऐसा निवाडा देऊन बाईसाहेब चारच्या गाडीने कूच करत्या जाहल्या.

बुधवारी पहाटे आप्पा झोपेतच कैलासवासी जाहले.

मग बाईसाहेब माघारी आल्या, आणि सुंदरबाई आत्यांनी घरात सुतकाचा अंमल बसविला, टीव्हीवर चादर घातली, आणि तेराव्या दिवशी घर धुऊन काढण्याचे फर्मान सोडिले. थर्मलची राख कोरडी झटकली तर उडून पुन्हा जागेवर बसते, म्हणून परळीत सर्व काही ओल्या फडक्याने पुसण्याची वहिवाट आहे. त्या वहिवाटीप्रमाणे आत्यांनी देव पुसले, पंखा पुसला, आणि गेम व कॅसेटचे पितळी दातही निगुतीने पुसले. चौदाव्या दिवशी बाईसाहेबांनी तारा जोडिल्या तो ताकही नाही, नुसता निळा पडदा.

"कावून गं," आत्या गरजल्या, "बाप जाऊन पंधरा दिस न्हाई झाले, अन् तू गेम खेळतीस?"

"खेळत न्हाई आत्या. बघायचंय."

मग स्टेशन रोडवरील टीव्हीदुरुस्तीचे मातबर सरदार सिदू यांस खलिता गेला, आणि ते पेचकस व डाग देण्याच्या कैयासह तत्काळ दाखल जाहले. डबा उघडून त्यांनी अर्ज केला, "ताई, लई राख हाय. अन् कॅसेटीतला सेल म्हातारा झालाय. जरा धक्का बसला की आकडे गेले. करू का ऱ्हाऊ दे?"

बाईसाहेबांनी निळ्या पडद्याकडे एकवार पाहिले. मग हुकूम जाहला, करा.

सिदूंनी श्वास रोखून स्पिरिटच्या बोळ्याने एकेक दात पुसला, आणि सेलास बोटही लागू दिले नाही. मग त्यांनी निदान केले, की चित्र अँटिनाच्या लांबच्या वाटेने येते आणि वाटेतच लुटले जाते. सबब ती वाट मोडून थेट बोर्डावरून तार काढिली, आणि पिवळी पिन टीव्हीस भिडविली. चित्र आले, परंतु त्यावर आडव्या लाटा चालून आल्या. अडॅप्टर बदलताच लाटांनी पळ काढिला. मग टीव्हीने विमाने भाकरीसारखी लांब थापिली. सेटिंगमध्ये जाऊन त्यास चौकोनाच्या हद्दीत कोंडिले. आणि मग सर्व मुलूख लख्ख दिसू लागला.

"आठ हाय की, ताई," सिदू म्हणाले. "सोच्छ आठ."

आत्या पदराला हात पुसत पुढे आल्या आणि आकड्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

सबब दाखल व्हावे, की कार्तिक वद्य पक्षी, दुपारच्या प्रहरी, परळी मुक्कामी मोहीम फत्ते जाहली, आणि ब्याऐंशी हजार चारशे ही फत्ते भगवानराव आप्पांच्या नावे कायम करण्यात आली. त्या समयी आत्या व सिदू यांच्यादेखत, ज्यांनी आजवर कधी हार कबूल केली नव्हती त्या मोहिनीबाई मोठ्याने बोलिल्या:

"आप्पा, तुमी जिंकलात."