पोटातली तार

पँटचं माप द्यायला गेलेल्या माणसाला आधी जीभ बाहेर काढायला लावणारा शिंपी आमच्या मूल नावाच्या गावात होता, असं सांगितलं की पुण्याचे माझे नातेवाईक हसतात. हसोत बापडे. रहीमचाचा आधी जीभ बघत, मग टेप उचलत.

मूलच्या पोस्टात माझी बदली झाली तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेलो. माझी जीभ बघून, कमरेला टेप लावून चाचा गंभीर झाले.

"भाऊ, जस्त कमी हाये तुमचं."

"चाचा, कंबर किती आहे ते सांगा."

"थे सांगत नसतो मी."

खरंच सांगत नसत. बाकीचे शिंपी कमरेचा आकडा भर दुकानात ओरडतात. चाचा तो गिळून टाकत आणि गुपचूप खडूने कापडावर टिपत. माझ्यासारख्या पोट सुटलेल्या माणसाने त्यांच्यावर जीव टाकला, यात नवल नाही.

जस्त, मॅग्नेशियम वगैरे मंडळी कुठल्याशा वर्तमानपत्राच्या आरोग्याच्या पानावरून त्यांच्या डोक्यात शिरली होती आणि तिथेच मुक्काम ठोकून होती. मी पोस्टातला, म्हणून मला खास समजावत, "पोट भरलं का मेंदूले तार जाते, बस झालं म्हून. खनिज कमी असलं त तार पोचत नाई. मंग मानूस खात राह्यते. त्यात त्याची काय गलती?"

शास्त्रज्ञ या तारेला हार्मोन म्हणतात आणि इतक्या ठामपणे बोलत नाहीत. पण चाचांपुढे शास्त्रज्ञांचं काय चालणार!

राइस मिलमधला कोंडा ढोरांना जातो याचा त्यांना मनापासून राग. "पांढरा भात आपल्याले अन् ताकद भैसीले!" घरी कणकेत कोंडा मिसळत, गिऱ्हाइकाला कपड्यांबरोबर जवसाच्या चटणीची पुडी देत. आणि स्वतः मात्र वाळक्या शेंगेसारखे. या माणसाला दुसऱ्यांच्या वजनाची एवढी काय पडलीय, ते मला कळेना.

ईदच्या दिवशी ते मला जेवायला न्यायला आले. वाटेत एकदम थांबले.

"आमच्या हिनं एका लग्नात दुसऱ्यांदा भात मांगला. 'चाचीले परातच आना' म्हून लोकं हासले. तवापासून चारचौघांत जेवतच नाई. आज तुमच्यासंग बसतो म्हनली हाये. हासू नका, भाऊ."

चाची अंगाने चांगल्याच भरलेल्या. बसल्या, पण संकोचून. माझं जेवण आटोपलं, चाचांनीही हात आवरला. चाचींचा हात पुलावाकडे गेला आणि माझ्याकडे बघून मागे आला.

चाचांनी लगेच त्यांच्या ताटात पुलाव वाढला, मग स्वतःच्या. "माही बी तार पोचली नाई अजून," म्हणत पुन्हा जेवू लागले, एकेक शीत चावत. चाची मान खाली घालून, सावकाश, पोटभर जेवल्या. भुकेला कुणी हावरेपणा म्हणू नये, एवढ्यासाठी हा माणूस गावभर जिभा तपासत होता.

हात धुताना मी हळूच विचारलं, "चाचा, तुमची तार खरी केव्हा पोचली?"

"माही? पयल्या ताटातच." त्यांनी पोटावरून हात फिरवला. "पन थे एकटीच जेवत राह्यली असती ना, भाऊ."