मुक्त निबंधाला दार हवं

ज्या वर्षी माझी नात सिनिवा लग्न होऊन पलीकडच्या बेटावर गेली, त्याच वर्षी माझी थोरली बहीण फुआतिनो हिच्या पाच नीरफणसांची फळं कच्चीच गळू लागली. लग्नाचा आणि गळतीचा काही संबंध नाही. गावाने तरी तो बरेच दिवस चर्चेला घेतला होता.

आक्काचं घर त्या पाच झाडांवर चालत असे. मेव्हणे गेल्यापासून रोजचं, सणाचं आणि पाहुण्यांचं जेवण तिथूनच उतरून दगडांच्या भट्टीत जाई. झाडांना काय झालंय हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. डॉक्टर हॅलिडे नावाचा परदेशी विद्वान पूर्वी आक्काकडे अख्खा हंगाम राहिला, नारळाच्या दुधातला नीरफणस दोन्ही वेळा जेवला आणि याच झाडांवर आणि त्यांच्यात नुकत्याच शिरलेल्या रोगावर शोधनिबंध लिहून गेला. निबंध परदेशातल्या मासिकात छापून आला होता आणि तो बघायला पैसे पडत.

"झाडं माझी, रोग माझ्या झाडांचा, जेवला माझ्याकडे," आक्का म्हणाली, "आणि वाचायचे पैसेही मीच द्यायचे? ताविता, हा विद्वान म्हणायचा की जावई?"

एवढ्यात सरकारने धोरण जाहीर केलं: आपल्या देशाविषयीचं सगळं संशोधन यापुढे सर्वांना मुक्त. आमचा देश इतका लहान, की सकाळी जाहीर झालेलं धोरण दुपारच्या बोटीने गावात उतरतं. हेही उतरलं. सोबत संशोधन मुक्ती विभागाचे अधिकारी तानिएलु होते. कमरेला कडक इस्त्रीची लुंगी, गळ्यात ओळखपत्र, काखेत कुलूपबंद पेटी. पेटीत आक्काच्या झाडांचा निबंध होता, आमच्या भाषेत भाषांतर केलेला.

मी अक्षरं म्हातारपणी शिकलो, त्यामुळे सरकारने लिहिलेलं मला अजून खरं वाटतं. मी हात पुढे केला. "द्या साहेब, वाचतो."

"मिळणार! सर्वांना मिळणार," तानिएलु म्हणाले. "पण आधी केंद्र हवं."

गावाने तत्काळ सभाघर देऊ केलं. तानिएलुंनी त्याला एक प्रदक्षिणा घातली, मग उलटी दुसरी.

"दार कुठाय?"

"दार नाही," मोसे म्हणाले. मोसे आमच्या गावाचे वक्ते. गावाला जे म्हणायचं असतं ते त्यांनीच काठी टेकून म्हणायचं, असा रिवाज आहे. "नुसते खांब आणि छप्पर. भिंतीच नाहीत तर दार कशाला? कुठूनही या, बसा."

"अहो, मग मंत्रीसाहेब उद्घाटन कशाचं करणार?"

"दोन खांबांना फीत बांधा."

"आणि लोक शेजारच्या दोन खांबांमधून आत शिरले तर?"

गावसभेने खांब मोजून पाहिले आणि मान डोलावली. शिवाय तानिएलुंनी नियम वाचून दाखवला: कोणतीही गोष्ट जनतेस खुली करण्यापूर्वी ती बंद असल्याची खातरजमा करावी. मोसे भारावून म्हणाले, की आपले पूर्वज शतकानुशतकं मोकळ्या घरात राहिले, पण त्यांचं उद्घाटन करायचं कोणाला सुचलं नाही.

भिंती घालायचं ठरलं. भिंतींना लाकूड हवं. नीरफणसाचं लाकूड हलकं, कापायला सोपं, आणि सभाघराच्या सर्वांत जवळ उभी असलेली झाडं आक्काची. त्यात आजारी.

आक्का सभेत आली. "मोसे, तू भाषण करू नकोस, मी बोलते. साहेब, झाडं वाचवायला निबंध आणलात ना? मग निबंध ठेवायला झाडं का तोडता?"

"सगळी नाही, मावशी!" तानिएलु दुखावले. "एक राखणार. लाभार्थी शिल्लक असल्याशिवाय योजना राबवता येत नाही."

"मग तोडण्याआधी एवढंच वाचून सांगा, त्यात लिहिलंय काय?"

"उद्घाटनाआधी? मावशी, म्हणजे एकट्या तुम्हाला मिळालं आणि बाकी देशाला नाही. हा तर पक्षपात झाला."

चार झाडं पडली. भिंती उभ्या राहिल्या, दार बसलं, दाराला कुलूप लागलं आणि निबंध आत गेला. मंत्रीसाहेब मुक्त संशोधनाच्या परिषदेसाठी परदेशी होते. ते परतेपर्यंत कुलुपावर पहारा बसवला. मोठ्या पाहुण्याच्या आधी लहानाने आत पाऊल टाकायचं नाही, हा आमचा जुना रिवाज. त्यामुळे पहारेकऱ्याला काम काहीच नव्हतं, म्हणून त्याच्यावर देखरेखीला आणखी एक नेमला. तोवर आक्काच्या उरलेल्या झाडाची पानं पिवळी पडली होती. ती रोज येऊन दाराकडे बघून जाई.

अखेर मंत्री आले. आव्याची, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या मानाच्या पेयाची, वाटी फिरली. मोसे आणि मंत्र्यांसोबत आलेले वक्ते यांच्यात आधी कोणी बोलायचं यावरून नम्रतेचा वाद झाला. दोघेही "आपण आधी" म्हणत राहिले आणि डुकरं भट्टीत जास्त भाजली गेली. मग फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, मंत्री आत गेले आणि लगेच बाहेर आले. भिंतींमुळे वारा बंद झाला होता. आत भट्टीपेक्षा जास्त उकडत होतं. सगळा गाव जेवायला पळाला.

आत आम्ही तिघेच राहिलो. मी शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचू लागलो आणि आक्का ऐकू लागली.

"रोगट फांद्या छाटाव्यात. झाडे कदापि तोडू नयेत. ती एकमेकांच्या आडोशाने वारा सोसतात. एकटे उरलेले झाड टिकत नाही."

तानिएलुंनी रुमालाने मान पुसली, माझ्या खांद्यावरून वाकून ओळ पुन्हा वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघा मावशी! माहिती अगदी अचूक आहे."

"हो बाबा," आक्का म्हणाली. "आता तेवढं दार लावून घे. माझ्या चारही झाडांना इथे गार लागत असेल."

आमच्या गावाला आदर्श केंद्राचं प्रशस्तिपत्र मिळालं. शेजारची गावं भिंती घालायला लागली आहेत. आक्काने रिकाम्या जागेत केळी लावल्या. केळींवर अजून कोणी संशोधन केलेलं नाही, म्हणून त्या जोमात आहेत.

केंद्र रोज उघडं असतं आणि रिकामं असतं. गावात कोणालाही विचारा, उत्तर एकच: खुलंच तर आहे, कधीही वाचू. तुम्ही हसलात? निबंध आता तुम्हालाही खुला आहे. पत्ता कळवलात तर तानिएलु फुकट धाडतात. तुमच्यापैकी कोणी अजून मागितलेला नाही.

फुआतिनोचं पाचवं झाड उद्घाटनानंतरच्या शनिवारी सकाळी मेलं.