आजोबांनी गावाबाहेर ठेवलेली गाडी

मी बी. ए. झालो, त्यात सगळ्यात मोठा वाटा विठ्ठलअण्णा तारकसांचा आहे. अण्णांनी मला एक अक्षर शिकवलं नाही. त्यांना स्वतःलाच सहीपुरतं येत होतं. त्यांनी मला वर्षानुवर्षं पहाटे शिव्या देऊन उठवलं.

शिव्या मला नसत. त्यांच्या स्वतःच्या आजोबांना असत.

"ऊठ रे मास्तर! आमच्या म्हाताऱ्यानं टेशन दोन मैल लांब ठेवलंय. तो गेला सुखानं, आता तू पळ!"

असं ओरडत ते बऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यातून इतवाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या दारांवर काठी आपटत जात. खांडव्याच्या कचेरीतले कारकून, वकिलांचे मुन्शी, आम्ही दोघं-तिघं शाळामास्तर, असे रोज सकाळच्या पॅसेंजरनं जाणारे पंधरा-वीस जण होतो. मी मूळचा जवळच्या जसोंडी गावचा. वडील केळीच्या बागेत राबत. लोधीपुऱ्यात मामांकडे दोन वेळचं जेवण होतं, नोकरी खांडव्याला होती आणि रात्री परीक्षेचा अभ्यास होता. पहाटे डोळा लागायचा. अण्णांची काठी नसती तर माझी नोकरी महिन्याभरातच गेली असती.

त्यांच्या रागाचं कारण असं होतं. घराण्याचा धंदा कलाबतूचा. चांदीच्या तारेला सोन्याचा मुलामा द्यायचा, ती केसाएवढी बारीक ओढायची आणि रेशमावर गुंडाळायची. रेल्वे येणार म्हटल्यावर अण्णांच्या आजोबांना धास्ती पडली की इंजिनाच्या धुरानं तार काळी पडेल. त्यांनी गोऱ्या साहेबाला अर्ज केला: गाडी गावापासून लांब ठेवा. नुसत्या अर्जानं भागेना म्हणून देवीपुढे हातात सोन्याची तार धरून शपथ घेतली की आमच्या घरातलं माणूस ह्या गाडीत पाय ठेवणार नाही.

स्टेशन खरंच लांब, लालबागेत झालं. गाव उन्हापावसात पायपीट करू लागलं, आणि अण्णा मोठे झाले ते गावाचे टोमणे ऐकत. कुणाची गाडी चुकली की तो दोष आपल्या घराण्याचा, असं त्यांनी एकदा मनाशी ठरवून टाकलं होतं.

पितृपक्षात आजोबांच्या तिथीला ते पानावर खीर आणि घारी वाढत, कावळ्याची वाट पाहत आणि मोठ्यानं म्हणत, "खा! घारी पण खा! लोक तिकडे धावत जातात, तू इथे निवांत बस!" भटजी डोळे मिटून मंत्र म्हणत राहायचे. अण्णांच्या घरी आजोबांची बाजू घेणारं कुणी उरलं नव्हतं.

बाजू घेणारा सबंध गावात एकच होता, करीम टांगेवाला. तो कळवळून म्हणायचा, "अण्णा, अपने दादा को गाली मत दो. टेसन गाँव में होता तो मेरा घोडा क्या खाता?"

"तुझ्या घोड्यासाठी आम्ही गावाच्या शिव्या खायच्या का रे?" अण्णा म्हणत, आणि त्याच टांग्यात पुढे बसून स्टेशनावर जात.

स्टेशनावरही त्यांचं काम संपत नसे. उशिरा येणाऱ्यासाठी गार्डाला अडकवणं हा त्यांनी स्वतःकडे घेतलेला हुद्दा होता. ते पानाचा डबा उघडत, पान निवडत, चुना लावत, पुसत, पुन्हा लावत. हिरवी झेंडी बगलेत धरून गार्ड कंटाळून विचारी, "आज कोण राहिलंय, अण्णा?"

"काशिनाथपंत मुन्शी. आलेच. सुपारी बारीक देऊ का?"

एकदा एका म्हाताऱ्या स्टेशनमास्तरनं त्यांना सांगितलं की लाइन जमीन बघून टाकतात, अर्ज बघून नव्हे. तुमच्या आजोबांचा कागद कुणी उघडलाही नसेल. आम्हांला वाटलं, अण्णांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. अण्णा मात्र लालबुंद झाले. "म्हणजे आमचा म्हातारा कुणीच नव्हता? एवढी मोठी लाइन त्यानं बाजूला सरकवली आणि तुम्ही म्हणता कागद उघडला नाही?" त्या स्टेशनमास्तराची बदली होईपर्यंत अण्णांनी त्याला पान दिलं नाही.

पुढे त्याच गाडीनं परदेशी खोटी जरतार आली. पेट्याच्या पेट्या लालबागेत उतरत आणि करीमच्याच टांग्यातून इतवाऱ्यात जात. दिसायला तशीच आणि भाव निम्म्याहून कमी. अण्णांचे कारागीर जिनात कापसाच्या गाठी उचलायला गेले. धुरानं एक तारही काळी पडली नव्हती. ती घ्यायलाच कुणी उरलं नव्हतं. अण्णांनी दुकान बंद केलं. लोकांना उठवणं बंद केलं नाही.

हे सगळं असून ते स्वतः कधी गाडीत बसले नव्हते. मी एकदा विचारलं, "अण्णा, शिव्याही देता आणि शपथही पाळता?"

"शिवी माझी आहे. शपथ त्याची आहे. मोडायची तर ज्याची त्यानं."

त्यांची एकुलती एक मुलगी यमुना खांडव्याला दिली होती. ती दिवाळीला येई, तेव्हा अण्णा अख्खा प्लॅटफॉर्म अडवून उभे असत. पुढे मूल झालं, सासूचं दुखणं आलं, येणं थांबलं. मग अण्णा रोज माझ्या हातात काहीतरी देऊ लागले. कधी दोन केळी, कधी मावा जिलबीचा पुडा. "जाता जाता टाक. मुद्दाम जाऊ नकोस," असं म्हणायचे आणि संध्याकाळी परतीच्या गाडीला हजर. "घेतलं? काय म्हणाली? बारीक झालीय का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सकाळच्या गाडीची काळजी एकट्या आजोबांपायी नव्हती. ती गाडी खांडव्याला जात होती.

एका संध्याकाळी मला वेगळा निरोप आणावा लागला. यमुनाताईंना विषमज्वर झाला होता. त्यांनी वडिलांना बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी नेहमीसारखी सगळी दारं वाजवली, पण तोंडातून शब्द नव्हता. स्टेशनावर ते गाठोडं घेऊन आले. हातात तिकीट होतं. आम्ही खिडकीची जागा रिकामी केली. त्यांनी दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला. तेवढ्यात काशिनाथपंत आतून हसत म्हणाले, "वा अण्णा! आज म्हाताऱ्याची जिरवली!"

डबा हसला. त्यात वाईट कुणाच्या मनात नव्हतं. अण्णांनी पायरीवरचा पाय खाली घेतला.

"अण्णा, चला," मी हात पुढे केला.

"मी बैलगाडीनं येतो म्हणून सांग तिला. निघालोय म्हणून सांग."

मी तसं सांगितलं. यमुनाताईंनी डोळे उघडून विचारलं, "कुठवर आले?" मी म्हणालो, असीरगडाच्या घाटात असतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. अण्णा पोचले तेव्हा चिता विझली होती.

ते परत आले आमच्या डब्यात बसून. त्यांना कुणी आग्रह केला नाही, त्यांनी कुणाला विचारलं नाही. बाकाची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. काशिनाथपंत त्या दिवशी दाराशी उभे राहिले, वाटभर आत आले नाहीत. गाडी थांबली तसे सगळे उठले.

"आलं?" अण्णांनी विचारलं.

"हो, अण्णा. बऱ्हाणपूर."

"एवढ्यात?"



त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. काहींच्या गाड्या चुकल्या, काहींनी खांडव्यात खोल्या घेतल्या. मी परीक्षेला नागपूरला गेलो, पास झालो, तिथेच नोकरी लागली. तिथून अण्णांना लिहिलेलं पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. मी बी. ए. पास झालो. आमच्या घरात आजवर कुणी एवढं शिकलं नव्हतं. वडिलांना मी सांगितलंय की पहिला नमस्कार तुम्हांला.

नागपूरला येताना खांडव्याला उतरून यमुनाताईंची मुलगी सुशी हिला भेटलो. ती बरी आहे. तिनं मला विचारलं, "आजोबा बैलगाडीनं येतात म्हणून त्यांना उशीर होतो ना?" तिला कुणीतरी तसं सांगितलंय. तुमच्या तोंडून तुमच्या आजोबांबद्दल मी पुष्कळ ऐकलंय, म्हणून लहान तोंडी मोठा घास घेतो. अण्णा, सुशी अजून तुम्हांला नावं ठेवत नाही. ती वाट पाहते आहे. आपण जावं. आपलं लेकरू समजून राग मानू नये.

आपला,
रघुनाथ